भुताला दोनच हाका येतात

पुणे, १३ जानेवारी २०२५

ती. प्रभाताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोन केला असता, पण फोनवर तू माझं बोलणं ऐकतेस कमी आणि तपासतेस जास्त. म्हणून आपला जुना करार पाळतो : मोठी बातमी कागदावर. शुक्रवारी मी लिहिलेला 'सांजहाक' सिनेमा लागला, यवतमाळलासुद्धा. पुण्यात पहिल्या खेळाला एक धिप्पाड गृहस्थ बायकोच्या ओढणीत तोंड खुपसून बसले होते. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

तुला आठवतं, तुझ्या वाचनालयातल्या भयकथांची शेवटची पानं कोणीतरी फाडून न्यायचं आणि शेवट तू स्वतःच रचून सांगायचीस? मी लेखक झालो तो तिथे. पुढे जयंतीला भाड्याने व्हिडिओ यायचा. त्यातलं भूत कबरीतून हात बाहेर काढायचं तेव्हा मनगटावर घड्याळ दिसायचं, आणि तरीही अख्खी वस्ती किंचाळायची. आता तसं चालत नाही. आता भूत दाखवायचंच नसतं, नुसतं ऐकवायचं.

म्हणून आमच्या सिनेमात दिवेलागणीला फक्त हाक येते. कोणती सांगू? 'काहून रे पोट्ट्या, जेवला काय?' आपल्या मैनामावशीची! आई-बाबा दोघं कामावर, शाळेतून येताना तिच्या फाटकाशी ही हाक ऐकली की भाकरी नक्की. आणि बाबांचाही हिस्सा आहे. मी भ्यालो की ते म्हणायचे, भूत शाळेत गेलेलं नसतं, त्याला दोनपर्यंतच मोजता येतं. तिसरी हाक आली तर माणूस समज आणि ओ दे. तो नियम मी जसाच्या तसा घातला. जो आधी ओ देतो, तो मरतो.

निकिताला घेऊन जा, आणि खरं काय ते कळव. तिला मामाचा गोड पापा. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
संघदीप

*

घाटंजी, २७ जानेवारी २०२५

चि. संघदीपास,
अ. आ. व सप्रेम जयभीम.

पाहिला. निकिताने माझ्या दंडाला नखांचे पाच वळ दिले आहेत, त्यांना तुझा पुरस्कार समज. मी स्वतः भ्याले नाही, पण मध्यंतरात बाहेर एकटी गेले नाही, हेही लिहून ठेवते.

एका गोष्टीचं मात्र नवल वाटलं. ज्या बापाने घरातले अंगारे-धुपारे गटारात टाकले, त्याच्या पोराने त्याचा विनोद उचलून त्याचं शास्त्र केलं. बाबा भुताला हसत होते रे. तू ते हसू कापलंस आणि नियम तेवढा ठेवलास.

आता गल्लीची बातमी. पडद्यावरून ती हाक आली तेव्हा थिएटरात आलेल्या आपल्याकडच्या साऱ्या माना एकदम एकमेकांकडे वळल्या. तुझ्या पुण्याला ते भूत वाटलं असेल, आपल्या गल्लीने आवाजाची मालकीण ओळखली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मैनामावशीने नेहमीसारखी हाक घातली तर पोरं दप्तरं टाकून पळाली. तिला वाटलं मागे कुत्रं लागलं, म्हणून ती काठी घेऊन त्यांच्या मागे धावली. आता बोल! तुझ्या सिनेमातसुद्धा इतका चांगला प्रसंग नाही.

मी हसले. नंतर हसू थांबलं. कारण पोरांचे बाप पळत नाहीत, ते बोलतात. समोरचे बबनराव मला म्हणाले, बाई एकटी राहते, शेळ्या काळ्या पाळते, नवरा लवकर गेला, आपण कधी विचारच केला नाही म्हणून. पंचेचाळीस वर्षांचे बबनराव तिच्याच हातची भाकर खाऊन मोठे झाले, आणि विचार त्यांना आत्ता सुचला. निकिताच्या मैत्रिणीची आई लेकीला तिच्या फाटकावरून जाऊ देत नाही. दिवेलागणीला कोणीही कोणाला हाक मारली तरी लोक तिसरीची वाट बघत उभे राहतात.

परवा मावशी माझ्याकडे आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि म्हणाली, मी काय केलं वं बाई? तुझ्या सिनेमाचं नाव तिला सांगायची मला हिंमत झाली नाही. सिनेमा तिने पाहिलेला नाही, तिला दिसतं तेवढं फक्त पळणारी पोरं.

तर एक काम कर. ये. एक दिवस. चौकात उभा राहा आणि तुझ्या तोंडाने सांग की ही हाक भुताची नाही, मला जेवू घालणाऱ्या बाईची आहे. माझं ऐकत नाहीत, मी नुसती वाचनालयवाली. तू सिनेमावाला आहेस, तुझं ऐकतील. तुला वाट माहीत आहे. माझा जीव मुठीत आहे.

तुझी,
प्रभाताई

*

पुणे, १० फेब्रुवारी २०२५

ती. प्रभाताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र वाचून दोन रात्री झोप नाही. तरीपण, ताई, तू जरा जास्तच मनावर घेतेस. माणूस भीती विकत घेतो ती यासाठीच, की दोन तासांनी दिवे लागतात आणि आपण बाहेर येऊन भेळ खातो. खऱ्या आयुष्यातल्या भीतीला असा शेवट नसतो, म्हणून तर आमचा धंदा चालतो. महिनाभरात दुसरा सिनेमा येईल, पोरं दुसऱ्या कशाला तरी भितील. घड्याळवाल्या भुताला आज कोण भितं?

यायचंच आहे. पण निर्माते दुसऱ्या भागासाठी मागे लागलेत, आणि खरं सांगतो, आत्ता मी चौकात उभा राहून भूत नाही म्हणालो तर ते मला भूत करतील. होळीला नक्की येतो. तोवर मावशीसाठी सोबत लुगडं पाठवतोय, हिरवं, तिला आवडतं तसं. तिला सांग, तिची हाक महाराष्ट्रभर पोचली.

रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
संघदीप

*

घाटंजी, ३ मार्च २०२५

चि. संघदीपास,
अ. आ.

लुगडं पोचलं. ते तिला मीच नेसवते, कारण तिचा उजवा हात आता उचलला जात नाही.

तुझं पत्र यायच्या आधीच मावशीने हाक मारणं बंद केलं होतं. पोरं जाताना ती फाटक लावून आत बसायची. गल्लीला हायसं वाटलं. बबनराव म्हणाले, बघा, भूत गेलं.

मागच्या सोमवारी दिवेलागणीला मी भात लावत होते. मागच्या भिंतीपलीकडून, मावशीच्या अंगणातून हाक आली. प्रभा, वं प्रभा. आवाज मावशीचा होता, पण ओला, ओढल्यासारखा. मी दाराशी गेले. कडीवर हात ठेवला. पुन्हा आली, प्रभा वं. आणि मी, धर्मपाल गुरुजींची लेक, तीस वर्षं लोकांना पुस्तकं देणारी, तिथे उभी राहून तिसरीची वाट पाहत होते.

तिसरी आली नाही. माणसाचंही कधी कधी दोनवर संपतं, हे बाबांनी शिकवलं नव्हतं. मी कडीवरचा हात काढला आणि कुकरच्या शिट्या मोजत बसले.

नंतर कळलं, ऐकलं सगळ्यांनीच होतं. बबनरावांनी, पलीकडच्या सुनेने, सगळ्यांनी. गेला एकटा धावजी, तिच्या शेळ्या चारून आणणारा तांड्यावरचा म्हातारा. तो ठार बहिरा आहे. त्याने हाक ऐकलीच नाही, म्हणून तो आत गेला. शेळ्या बांधायला वाकला तर हौदापाशी ती पडलेली. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, लकव्यात लवकर आणलं तर बरंच काही वाचतं. मग त्यांनी विचारलं, पेशंटजवळ कोणी नव्हतं का? मी म्हणाले, नव्हतं कोणी. भिंतीपलीकडे मी होते.

जीव वाचला. वाचा गेली. तिला मी माझ्याकडे आणलं आहे. संध्याकाळी खुर्ची दारात ठेवते. शाळा सुटली की पोरं समोरून निवांत जातात, कोणी पळत नाही, कारण आवाजच येत नाही. तिचे ओठ मात्र हलतात. काय विचारते ते मला कळतं. ओ देणारं कोणी नाही, म्हणून मीच म्हणते, जेवले, मावशी. ती माझ्याकडे बघत नाही.

तू लिहिलं होतंस, दोन तासांनी दिवे लागतात. इथे रोज लागतात रे. त्याच वेळेला लागतात.

आता चौकात उभं राहायची गरज नाही, सांगण्यासारखं काही उरलं नाही. तरी होळीला येशीलच, तर एवढं लक्षात ठेव : दारात उभा राहून तीनदा हाक मार. दोनवर मी उठत नाही, हे आता मला माहीत झालंय.

तुझी,
प्रभा