‘सँडपायपर’चं पुढे काय करायचं

मी, एल्वुड ग्रे फॅरो, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार ‘सँडपायपर’, पेलिकन रो, किनेट गाव, नॉर्थ कॅरोलिना, पूर्वीचा धंदा घरं सरकवण्याचा, हल्ली धंदा काही नाही, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझा मेहुणा थर्मन याचं मत वेगळं आहे, पण तो डॉक्टर नाही. हा कागद मी स्वतःच्या मर्जीने, दिवसाउजेडी, चष्मा लावून लिहीत आहे. २०१८ साली केलेलं माझं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. का रद्द करतो हे लिहायची गरज नसते असं वकीलबाई म्हणाल्या. मला गरज आहे, म्हणून तेही पुढे येईल.

१. माझी पत्नी लव्ही फेब्रुवारी २०१५ मध्ये वारली. आम्हाला एकच मूल, मुलगी व्हर्ना. ती रॅली शहरात असते, इथून गाडीने पाच तास. तिला या घरात पाऊल टाकून सहा वर्षं झाली. वादळाची बातमी आली की फोन करते, माझी औषधं विचारते, हवा विचारते आणि ठेवून देते.

२. या कागदाचा मुख्य विषय हे घर आहे. मी ते घेतलं तेव्हा भरतीचं पाणी जिन्यापासून नव्वद पावलांवर थांबत असे. आज सकाळी एकोणीस पावलं भरली. माझी पावलं आता आखूड पडतात, म्हणजे खरं अंतर त्याहून कमीच. तेव्हा माझ्यामागे हे घर मागे ओढायचं, विकायचं, की समुद्राला देऊन टाकायचं, आणि ते व्हर्नाच्या गळ्यात पडणार की नाही, एवढं मला ठरवायचं आहे. बाकीच्या वस्तूंचा निकाल आधी लावतो.

३. घर उचलायचे बावीस जॅक, ओकचे सगळे ठोकळे आणि घर ज्यांवरून सरकवतात त्या दोन लोखंडी तुळया ऑर्विल मीकिन्स याला द्याव्यात. तो एकतीस वर्षं माझ्या जोडीला होता. आम्ही दोघांनी मिळून या बेटावरची दोनशेच्या वर घरं समुद्रापासून मागे ओढली. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. आम्ही फिरवलेल्या घरांचे वासे जागच्या जागी राहिले, स्वयंपाकघरातल्या ग्लासातलं पाणीसुद्धा सांडलं नाही. अट एवढीच, की तुळयांना अंगाचा पांढरा साबणच घासायचा. ग्रीस लावायचं नाही. ग्रीस लावलेलं कोणी पाहिलं तर ही भेट रद्द समजावी. ऑर्विलशी मी आयुष्यात दोनदा भांडलो आणि दोन्ही वेळा ग्रीसवरूनच.

४. माझी लहान होडी थर्मन याला द्यावी. म्हणजे आणायला कुठे जावं लागणार नाही, ती १९९९ पासून त्याच्याच दारात आहे. मी हे घर घेतलं तेव्हा चर्चच्या पायरीवर, दहा माणसांसमोर तो म्हणाला होता, “लोकां सांगे ब्रह्मज्ञान! जन्मभर दुसऱ्यांची घरं समुद्रापासून मागे ओढली आणि म्हातारपणी गडी स्वतः पुढे जाऊन बसला.” दहाही माणसं हसली. मीही हसलो, कारण ते खरं होतं. तरी ते मी विसरलेलो नाही, हे त्याला कळावं म्हणून इथे नोंदवतो.

५. खाडीकडची आमची जुनी जागा मी २०१७ साली विकली. तिच्या कोपऱ्यातलं फॅरो कुटुंबाचं दफनस्थान मात्र विकलेलं नाही, आणि तिथवर जाण्यायेण्याचा हक्कही कायम आहे. तिथे माझे आईवडील आहेत, ओकच्या झाडाखाली लव्ही आहे. तिच्या उजव्या हाताला मला पुरावं. नवे मालक ओहायोचे. येण्याआधी फोन करत जा, असं त्यांनी मला नम्रपणे सांगितलं आहे. मीही नम्रपणे फोन करतो आणि म्हणतो, “बायकोला भेटायला येतोय, चालेल ना?” कुंपणाला लागून त्यांनी गरम पाण्याचा हौद बसवला आहे. माझ्या पुरण्याच्या दिवशी तेवढा झाकून ठेवावा.

६. आता घर. आम्हा किनेटच्या माणसांची घरं खाडीकडे, झाडांच्या आडोशाला. महासागराकडे आम्ही पाठ करून राहतो. समोर उघड्या वाळूवर घर घेतो तो एक तर परगावचा, नाहीतर हवेली बांधून घमेंड मिरवणारा, हे मला माझ्या बापाने शिकवलं, त्याला त्याच्या बापाने. लव्हीही इथलीच. पण तिला समुद्र बघायला आवडायचं, आणि हे बोलून दाखवायची तिला लाज वाटायची.

‘सँडपायपर’ हे घर तेव्हा रिचमंडच्या मिसेस प्रुइट या शिक्षिकेचं. उन्हाळाभर त्या ते भाड्याने देत. दर शनिवारी सकाळी दहाला एक कुटुंब बाहेर, दुपारी चारला दुसरं आत, आणि मधल्या सहा तासांत लव्ही. चादरी, न्हाणीघर, फ्रिज, सगळीकडची वाळू. सव्वीस वर्षं तिने हे घर धुतलं. व्हर्नाच्या एकाही शनिवारच्या वाढदिवसाला आई घरी नव्हती.

१९८७ साली मी आणि ऑर्विलने हेच घर शंभर फूट मागे घेतलं. काम संपलं तेव्हा मिसेस प्रुइट जिन्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, “मिस्टर फॅरो, मी थकले आता. तुम्हीच घ्या ना हे. परवडेल असं देईन.” लव्ही दारात होती, हातात ओलं फडकं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, “बाई, वाळूवर पैसे टाकायला मी काय परगावचा आहे?” ऑर्विल हसला, मिसेस प्रुइट हसल्या. लव्ही आत गेली आणि राहिलेली फरशी पुसू लागली.

त्या दिवशीचा तिचा चेहरा माझ्या मनातून जात नाही. ती असेपर्यंत जात होता. ती गेल्यावर ठाण मांडून बसला.

७. म्हणून २०१७ साली मी हे घर घेतलं. मिसेस प्रुइट वारल्या होत्या, त्यांच्या भाच्यांनी सामानासकट विकायला काढलं होतं. खाडीकडचं घर, अंजिराची झाडं, व्हर्ना जिथे वाढली ती माडीवरची खोली, सगळं देऊन हे घेतलं. व्हर्नाला नंतर कळवलं. पुढच्या उन्हाळ्यात ती आली, स्वयंपाकघरात उभी राहिली, बसली नाही.

“आईला परक्यांच्या अंगणात ठेवलंस आणि स्वतः समुद्र बघायला येऊन बसलास,” ती म्हणाली.

“तुझ्या आईसाठीच घेतलंय हे.”

“आई गेली, बाबा. मी आहे. मला एका शब्दाने विचारलंस?”

“शेवटी तुलाच तर मिळणार आहे.”

“मला घर नकोय.”

मी म्हणालो, तू आईसारखीच हट्टी आहेस. ती म्हणाली, आई हट्टी असती तर बरं झालं असतं. मी मक्याच्या पिठाचे गोळे घालून मासळीचा रस्सा केला होता. तो न खाताच ती निघून गेली. त्याच आठवड्यात मी मृत्युपत्र केलं, की घर व्हर्नाला, तिने ते मागे ओढून घ्यावं आणि कधी विकू नये. मला वाटलं, हे वाचून तिला कळेल.

८. या मार्चमध्ये ईशान्येच्या वादळात पाणी खांबांवर उभ्या या घराखालून वाहिलं. खालच्या कपाटातलं सामान वर नेताना पाहुण्यांच्या वह्या हाती लागल्या. भाड्याच्या प्रत्येक घरात अशी वही असते. येणारे त्यात नाव लिहितात, गाव लिहितात, हवा छान होती, खेकडे मिळाले, पुन्हा येऊ. मी सहज चाळत होतो. १९८८ च्या शेवटच्या पानावर लव्हीचं अक्षर.

“नोव्हेंबर. घर बंद करायला आले, काम झालं. आता अर्धा तास मी पाहुणी. थंडी आहे पण उठवत नाही. पेलिकन नऊ. लव्ही फॅरो. गाव : इथलंच.”

मग मी सगळ्या वह्या काढल्या. दर नोव्हेंबरात तिची नोंद. कधी दोन ओळी, कधी नुसती दिसलेल्या पेलिकन पक्ष्यांची मोजणी. १९९७ ची अशी : “एल्वुडला म्हटलं, चल जरा बसू तिकडे. म्हणाला, का, कोणाचं घर हलवायचंय?” हे मी बोललो असणार. मला आठवत नाही, पण वाक्य माझंच आहे.

शेवटची नोंद २००९ ची. तशीच्या तशी उतरवतो.

“मिसेस प्रुइट आज परत विचारत होत्या, घर घेता का. मी परस्पर ‘नाही’ म्हणून सांगून टाकलं. घर घेऊन काय करू, तेही मलाच धुवावं लागेल. त्या दिवशी तो नाही म्हणाला त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की एवढं ओढून आणलं, आणि वर येऊन दोन मिनिटं टेकला नाही. मला एवढंच हवं होतं, की त्याने एकदा शेजारी बसावं आणि कामाचं बोलू नये. पेलिकन चौदा.”

सात वर्षं रोज संध्याकाळी मी इथल्या व्हरांड्यात बसून तिला सांगत होतो, बघ, घेतलं शेवटी. आणि तिला घर नकोच होतं. मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. माणसाची आठवण येते ती सोसते. पण ज्या अर्ध्या तासाला काही पैसे पडत नव्हते, तो मी दिला नाही, याची आठवण सोसत नाही. ती परत आली तर मी तिच्याशी एक अक्षर बोलणार नाही, नुसता बसेन.

९. सबब घराबाबत माझा निर्णय असा. ते मागे ओढू नये आणि विकूही नये. घेणाऱ्याला उद्या समुद्रच मिळणार, तसलं पाप मला नको. ते समुद्रात पडू देऊ नये. पडलेल्या घराचे खिळे मैलभर किनाऱ्यावर पसरतात आणि पोरांच्या पायात जातात, ते मी उचललेले आहेत. माझ्यामागे, पण काही झालं तरी रोजच्या भरतीचं पाणी पुढच्या खांबाला लागण्याआधी, ऑर्विलने ते फळी फळी सुटं करावं. त्याचा खर्च बँकेतल्या रकमेतून द्यावा, उरलेली रक्कम व्हर्नाची. लाकूड गावात ज्याला हवं त्याने न्यावं. थर्मननेही न्यावं. वह्या व्हर्नाला द्याव्यात. घर तिच्या गळ्यात मारू नये. ती सहा वर्षांपूर्वी स्पष्ट सांगून गेली होती आणि मी तो हट्ट समजलो.

१०. शेवटची बाब व्हर्नासाठी, आणि ती मृत्युपत्रात बसत नाही असं वकीलबाईंचं म्हणणं पडलं. “मिस्टर फॅरो, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात,” त्या म्हणाल्या. मी म्हणालो, बाई, तीच तर अडचण आहे. मी तिच्या आईलाही सगळं ती गेल्यावर दिलं.

तेव्हा या कागदाची एक प्रत तिजोरीत न ठेवता मी आजच व्हर्नाला टपालाने पाठवत आहे. व्हर्ना, तुला न विचारता तुझी खोली विकली, ती चूक माझी. येत्या शनिवारी मला काही काम नाही, आणि त्यापुढच्याही नाही. तुला जमेल त्या शनिवारी ये. घराचं बोलणार नाही. तू म्हणशील तेवढा वेळ शेजारी बसेन. मी अजून आहे.

सही : एल्वुड ग्रे फॅरो

आम्ही खाली सही करणारे सांगतो, की वरील सही एल्वुड फॅरो यांनी आमच्या दोघांच्या देखत, पूर्ण शुद्धीत केली. आम्हाला या कागदानुसार काही मिळत नाही. ऑर्विल मीकिन्स यांना जॅक मिळत असल्याने त्यांना साक्षीदार होता आलं नाही. ते बाहेर जिन्यावर बसून होते.

साक्षीदार १ : आयडेल बरस, पोस्टमास्तर, किनेट
साक्षीदार २ : क्लाइड टिलेट, शेजारी, पेलिकन रो

ठिकाण : किनेट
दिनांक : १० ऑक्टोबर २०२४, गुरुवार

ता. क. व्हर्नाच्या नावाचं रॅलीचं पाकीट फॅरो यांनी माझ्यासमोर बंद केलं आणि पत्ता दोनदा तपासून माझ्या हाती दिलं. आज साडेतीनच्या टपालगाडीने जाईल. आ. ब.