पंचाहत्तर हर्ट्झचा संकल्प

३ जानेवारी १९९९, रविवार
संगणक आला. उल्हासनगर कॅम्प तीनमधून अंबरनाथपर्यंत रिक्षात मॉनिटर मांडीवर घेऊन बसलो. पायांना मुंग्या, पण चेहरा प्रसन्न. विद्येचं उपकरण सपाट टेबलावर ठेवणं मनाला पटेना, म्हणून संगणकाच्या विजेचा दाब सांभाळणाऱ्या लोखंडी स्टॅबिलायझरचाच चौरंग केला. त्यावर सौ. कुंदाने विणलेला रुमाल, रुमालावर मॉनिटर. हळदकुंकू वाहिलं. कुंदा म्हणाली, जरा उंच होतंय. म्हटलं, आसन उंचच असतं.

संगणक कुंदासाठीच. कंपनी बंद पडल्यापासून तिची टायपिस्टची बोटं रिकामी आहेत. प्रेसवाले लधारामशेठ बदलापूरच्या एका वैद्यांचं पुस्तक छापतायत. काही पानं नमुन्याला दिली आहेत. ३० तारखेपर्यंत नीट टाइप करून दिली तर घरबसल्या कायमचं काम, नाहीतर कात्रपच्या कोणी बाई टपलेल्याच आहेत.

४ जानेवारी
पडदा हलतो. ‘अडुळसा’ हा शब्द वाऱ्यावरच्या अडुळशासारखा डुलत होता. कुंदाचे डोळे पाण्याने भरले, डोकं धरून उठली. मेकॅनिक बोलवू म्हणाली. मी असताना? आठवड्यात पडदा स्थितप्रज्ञ करतो, असं वचन दिलं.

६ जानेवारी
खालच्या मजल्यावरचा बबन ऑफिसात संगणकावर बसतो. त्याचं म्हणणं, सर, रिफ्रेश रेट बघा. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढलं जातं, त्याला साठ हर्ट्झ म्हणतात. ते पंचाहत्तर करा, डोळ्यांना बरं पडेल. मलाही अंतर्यामी हेच वाटत होतं. फक्त शब्द आणि आकडा माहीत नव्हता.

१० जानेवारी, रविवार
पंचाहत्तर बरं तर शंभर उत्तम, हा साधा तर्क. शंभर केलं. पडदा काळा. मी धीर न सोडता जी दिसेल ती कळ दाबली. बबन आला, सेफ मोड नावाच्या मागच्या दाराने आत शिरला आणि सगळं पूर्ववत केलं. म्हणाला, ठेवायचं का म्हणून संगणक विचारतो सर, गप्प बसलात तर आपोआप जुन्यावर जातो. तुम्ही आंधळेपणी हो म्हणालात. म्हटलं, आमच्याकडे गप्प बसणं म्हणजेच होकार. तो चहा न घेता गेला.

१४ जानेवारी, संक्रांत
पंचाहत्तर लावलं. पडदा हलतो, पण चाल बदलली. पूर्वी लाटा होत्या, आता थंडी वाजल्यासारखा कापतो. प्रगती आहे. कुंदाने तीळगूळ हातावर ठेवला. गोड बोला म्हणाली आणि दिवसभर स्वतः काहीच बोलली नाही.

१७ जानेवारी, रविवार
दोष बाहेरचा आहे. पंखा बंद केला. ट्यूब बंद केली. वर जाऊन गयाबाईंना मिक्सर थांबवायला सांगितलं. त्या म्हणाल्या, मास्तर, तुमचा टीव्ही हलतो म्हणून मी चटणी वाटायची नाय का? टीव्ही नव्हे, हे समजावेपर्यंत चटणी वाटून झाली. पडदा हलतोच आहे.

कुंदाची नवी तक्रार : वर बघून बघून मान दुखते. विद्येकडे वरच बघायचं असतं, असं समजावलं. मेकॅनिकचं नाव पुन्हा काढलं तिने. मी जेवताना बोललो नाही. भाजी परत मागायची होती, तेवढी खुणेने मागितली.

२१ जानेवारी
फर्मान : प्रयोग संपेपर्यंत संगणकाला कोणी हात लावायचा नाही. शाळेतून आलो की रोज एक नवा हर्ट्झ. आज बहात्तर. कापतो. कुंदा मात्र खुशीत आहे, शेवयांची खीर केली होती. मेकॅनिकचा विषयच नाही. माझ्यावर विश्वास बसलेला दिसतो.

२३ जानेवारी
आज पंचाऐंशी. कापतो. शिवाय मॉनिटरखालच्या रुमालाची उलटी बाजू वर आलेली. घरात उंदीर असावेत. पिंजरा आणणे.

२८ जानेवारी
नमुन्याचं एकही पान झालेलं नाही, आणि कुंदा निवांत भरतकाम करते! या बाईला परिस्थितीचं गांभीर्य नाही. कात्रपच्या बाई डोळ्यांसमोर दिसू लागल्या. आता मीच लधारामशेठकडे जाऊन मुदत मागणार. विषय विद्युतशास्त्रापासून सुरू करावा.

३० जानेवारी, शनिवार
शाळा सुटल्यावर थेट प्रेसवर. मी विद्युतशास्त्र काढताच शेठ म्हणाले, अरे मास्टरजी, कौनसी मुदत? भाभीजी तो परसों ही दे गयीं. एकदम साफ काम, साईं! पूरी किताब उन्हीं को दे दी. मी म्हटलं, हो हो, तेच सांगायला आलो होतो. उरलेली पानं माझ्याच पिशवीत घातली त्यांनी.

घरी येऊन कुंदाला विचारलं, हलत्या पडद्यावर केलंस कसं? म्हणाली, अहो, मान राहीना. तुम्ही शाळेत गेलात की गयाबाई आणि मी मॉनिटर टेबलावर उतरवायचो. तुमचा चौरंग त्या कोपऱ्यात. अक्षरं हलायचीच बंद झाली. तुम्ही यायच्या आत पुन्हा वर चढवायचो, हौसेने आसन केलंय, वाईट वाटेल.

बबन म्हणतो, स्टॅबिलायझरच्या आत तारांचं मोठं वेटोळं असतं. चालू असताना त्याचं चुंबक होतं आणि शेजारचं चित्र ओढतं. म्हणजे दोष बाहेरचाच होता. निदान माझंच खरं. फक्त तो मीच आणून ठेवला होता, एवढा तपशील राहिला.

उंदरांचा पिंजरा परत घेत नाहीत.

१ फेब्रुवारी
वैद्यांचं अक्षर म्हणजे मुंगीने शाईत पाय बुडवून काढलेली सहल. वनस्पतींची नावं माझ्याशिवाय कोणाला लागत नाहीत. म्हणून मी वाचतो, कुंदा टाइप करते. तांत्रिक बाजू पुन्हा माझ्याकडे आली, असं म्हणता येईल.

पडदा साठावरही शांत होता. तरी मी आग्रहाने पंचाहत्तर करून घेतलं. संकल्प तो संकल्प. मला मात्र हळू वाचायची सूचना झाली आहे.

बसायला कोपऱ्यातला स्टॅबिलायझर दिला आहे, रुमालासकट. थोडा गरम लागतो. अडलेला शब्द दाखवायला आसनासकट जरा पुढे सरकलो, तर कुंदा मान न वळवता म्हणाली, अहो, मागे व्हा, अक्षरं हलायला लागली.