नदीवरचा आवाज

प्रिय एफी,

दर रविवारी आपण फोनवर बोलतोच, मग या म्हाताऱ्याला पत्र लिहायची हुक्की का आली, असं तुला वाटेल. त्यात माझं अक्षर. पण तो फोन स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरवर, चेहरे दिसणारा, आई शेजारी खुर्ची ओढून बसलेली, आणि तुला जे सांगायचंय ते तिच्यासमोर सांगता येत नाही. डोंगरावर मेंढ्यांच्या फाटकापर्यंत गेलं की मोबाइलला रेंज मिळते. तेही करून पाहिलं. गेल्या मंगळवारी तुला तिथूनच फोन केला होता. तू कामात असूनही उचललास, आणि मी काय बोललो? वारा सुटलाय, शेजारच्यांची कुत्री व्यायली, तिकडे नॉर्वेत, बर्गनला पाऊस आहे का. तू म्हणालीस, "बाबा, एवढंच विचारायला फोन केलास?" मी हो म्हणून ठेवून दिला. म्हणून आता कागद घेऊन बसलोय. कागदावर माझा आवाज येत नाही, हाच काय तो फायदा.

आधी नदीचं सांगतो. आईचंही सांगणार आहे, पण मला जरा सवड दे.

नदी रिकामी आहे. दरवर्षी मी हेच रडगाणं गातो असं तू म्हणशील, पण या वेळी खरोखरच रिकामी. तू लहान होतीस तेव्हा पुलावर पोटावर झोपून खाली सॅमन मोजायचीस आणि मोजता मोजता चुकायचीस, मग परत पहिल्यापासून. आता त्या पुलावरून खाली नुसते दगड दिसतात. समुद्रात काय होतंय देव जाणे. शहाणी माणसं येतात, बाटल्यांत पाणी भरून नेतात, पुढे काही कळत नाही. आणि तरीही पाहुणे येतात! रबरी बूट कमरेपर्यंत चढवून, किंमत ऐकून माझ्या बापाला चक्कर आली असती असल्या गळाच्या काठ्या घेऊन, ते जानेवारीच्या पाण्यात उभे राहतात आणि पिसांची खोटी माशी पाण्यावर टाकत बसतात. चुकून मासा लागलाच तर तो हळूच सोडून द्यायचा, असा आता नियम. म्हणजे धरायचा नाही, खायचा नाही, आणि मुळात तो तिथे नाहीच. याला सुट्टी म्हणतात.

माझं काम मासे मिळवून देणं कधी नव्हतंच. ते माशाच्या मर्जीवर. नदीवरच्या वाटाड्याचं, गिलीचं काम म्हणजे पाहुण्याला पाण्यात उभं ठेवणं. थंडीने बोटं बधिर झाली, तीन दिवस काही लागलं नाही, माणूस बायकोला शिव्या देत परत निघायच्या बेतात आला, की मागून हळूच म्हणायचं, "हलला बघा, साहेब. त्या खडकाच्या पलीकडे. मोठा होता." तेवढ्याने माणूस संध्याकाळपर्यंत टिकतो. त्याला मी फसवणूक कधी म्हटलं नाही. बाप मला हेच शिकवून गेला, आणि त्याला त्याचा बाप. त्याचा एक वेगळा आवाज असतो, खालचा, निवांत, जणू घाईचं काही कारणच नाही. तुझी आई त्या आवाजाची काय नक्कल करायची! नदीकाठच्या आपल्या झोपडीवर पाहुण्यांसाठी जव-मटणाचं सूप घेऊन यायची, तेव्हा मागे उभी राहून ऐकायची. मग घरी केक फुगला नाही की ओव्हनचं दार उघडून म्हणायची, "हलला बघा, साहेब." तू हसून हसून खुर्चीवरून पडली होतीस एकदा, आठवतं?

नोव्हेंबरात आम्ही इन्व्हरनेसला गेलो होतो. तुला सांगितलं होतं, आईची पाठ दुखते, तपासून घेतो म्हणून. पाठ दुखत होती हे खरंच होतं.  परतताना समुद्राकाठचा रस्ता लागला तेव्हा ती म्हणाली, "काय रे फार्कर, तुला काय वाटतं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, एवढ्यात काही हरलेलं नाही. जरा धीर धर. एकदा औषधं सुरू झाली की बघ कसा फरक पडतो." मला कळलंच नाही मी काय करतोय. तिला मात्र लगेच कळलं. ती फिसकन हसली. "मेल्या, मला तुझा पाहुणा थ्रेलफॉल समजतोस की काय?" इतकी हसली की तिला ढास लागली आणि मला गाडी कडेला घ्यावी लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "लग्न झाल्यापासून ऐकतेय मी तो आवाज. डोह जेवढा रिकामा, तेवढा तुझा आवाज गोड."  तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझ्यासमोर पुन्हा तो काढायचा नाही. पण एफीसमोर काढ. ती जूनमध्ये येणारच आहे, तोवर काढ. पोरीचं तिकडे नुकतं कुठे बस्तान बसतंय." माझ्याकडून तिने शब्द घेतला. मी दिला.

तेव्हापासून दर रविवारी तू विचारतेस, आई कशी आहे, आणि मी सांगतो, ठणठणीत, कालच दुकानापर्यंत चालत गेली. फोनआधी ती ओठांना रंग लावते, खिडकीच्या उजेडात खुर्ची घेते आणि गळ्याभोवती तो निळा रुमाल बांधते. तू म्हणालीस, "आई, बारीक झालीस, छान दिसतेस." तिने नंतर ते सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना म्हणजे गावाला, एफी. गावात काय लपतं? पोस्टातल्या बाईला माहीत आहे, पाद्र्याला माहीत आहे, तुझी ती मैत्रीण मोरना, जी तुला दर आठवड्याला फोन करते, तिलाही माहीत आहे. आईने एकेकाला चहाला बोलावून तोंड बंद ठेवायला लावलंय. फक्त तुला माहीत नाही.

हंगाम सुरू झाला तो दिवस ऐक. दरवर्षीसारखी सगळी मंडळी पुलाशी जमली, बॅगपाइप वाजले, आणि नदीला व्हिस्की वाहायचा मान या वर्षी तुझ्या आईला दिला. गेली कित्येक वर्षं तो कुणा लॉर्डला नाहीतर टीव्हीवरच्या माणसाला देतात. या वेळी समितीतले सगळे एका तोंडाने म्हणाले, इशबेल. का, ते कुणी बोललं नाही. ती हिरवा कोट घालून गेली. तो आता तिच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा वाटतो. गावातल्या दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. पेला ओतताना तिचा हात इतका थरथरला की निम्मी व्हिस्की माझ्याच बुटांवर. ती मोठ्याने म्हणाली, "नदीपेक्षा याला जास्त गरज आहे." सगळे खो खो हसले, आणि हसता हसता बरेच जण तोंड फिरवून उभे राहिले. 

त्याच आठवड्यात थ्रेलफॉल आले. तुला आठवत असतील, लीड्सचे दातांचे डॉक्टर, लाल नाकाचे. निवृत्त होऊनही काही वर्षं झाली. किती हंगाम ते नदीतल्या त्या 'पाद्र्याच्या डोहात' उभे राहताहेत, आणि गेल्या कितीतरी हंगामांत त्यांना शेपटीसुद्धा दिसलेली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मागे न वळता त्यांनी विचारलं, "फार्कर, खरं सांग, आहे का एखादा?" मी तोंड उघडलं. आवाज यायलाच हवा होता, माझ्या बापाचा, आजाचा, गेला जन्मभर आला तसा. पण नाही आला. मी म्हणालो, "नाही साहेब. काही नाही. मी रोज बघतोय. एकही नाही."

 ते काठावर येऊन झोपडीच्या बाकावर बसले आणि बूट काढू लागले. मला वाटलं, आभार मानतील. म्हणाले, "अरे गृहस्था, हे मला ठाऊक नाही असं वाटलं का तुला? खरं ऐकायला मी एवढ्या लांबून येतो होय? खरं मला घरबसल्या मिळतं." आणि दुसऱ्या दिवशी सामान गाडीत टाकून निघून गेले. जाताना हातही मिळवला नाही.

पुढे व्हायचं ते झालं. नदी ज्या इस्टेटीची, तिच्या कचेरीत आता टॅमसिन नावाची मुलगी आहे, वाईट नाही, पण सगळं गोड बोलून करते. म्हणाली, "फार्कर, पाहुण्यांना बातम्या द्यायला आपण पगार घेतो का?" मग तिने भिंतीवरचा मोठा नकाशा दाखवला. मासेमारीचं आता काही खरं नाही म्हणे. वरच्या टोकाला कयाकच्या होड्या, माळावर सायकली, आणि पाद्र्याच्या डोहात थंड पाण्यात डुंबणं. लोक त्याचे पैसे देतात, एफी! मी जन्मभर फुकट डुंबत आलो. आपली झोपडी सॉना होणार. तुझा आजोबा जिथे बसून गळ बांधायचा तिथे उघडे लोक घाम गाळत बसतील. मार्चनंतर माझी गरज नाही, हे तिने इतक्या गोडीने सांगितलं की बाहेर आल्यावर मला कळलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, घरी तरी राहशील." 

थ्रेलफॉल काय म्हणाले त्याने मला बरेच दिवस झोप नाही. वाटायचं, माणसाला खरं नकोच असतं, मग पोरीला कशाला द्यायचं? तिचं तिकडे काम आहे, नवं घर आहे, जूनचं तिकीट काढलंय, त्यावर ती किती खूश आहे. असू दे तिला तेवढी खुशी. पण थ्रेलफॉल शनिवारी गाडीत बसून घरी जातात, आणि नदीचं काय झालं ते त्यांना पुन्हा बघावं लागत नाही. तू पाहुणी नाहीस. जूनमध्ये येऊन तुला कळलं असतं, तर त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी तुला माझा तो गोड आवाज आठवला असता, आणि तू मला कधी माफ केलं नसतंस. मीही नसतं केलं.

तर आता सरळ लिहितो. तुझ्या आईला कॅन्सर आहे, स्वादुपिंडाचा, आणि तो पसरलाय. नोव्हेंबरातच कळलं. डॉक्टरीणबाई भल्या आहेत, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, ईस्टरपर्यंत, एप्रिलपर्यंत कदाचित. जून नाही. औषधं फक्त दुखणं कमी करायला. आता ती जिना चढत नाही, मी पलंग खाली आणलाय. खाणं जवळजवळ नाहीच. हे पत्र मिळालं की फोनवर रडत बसू नकोस, तिकीट बदल आणि निघ. विमानतळावर मोरना येईल, तिच्याशी बोललोय. आई मला तुझ्यासमोर शिव्या घालेल, शब्द मोडला म्हणून. घालू दे. तिच्यासाठी ये, एवढंच लिहायला बसलो होतो. पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो. दुपारी ती झोपली की मी बाहेर गाडीत जाऊन बसतो आणि इंजिनही चालू करत नाही, कारण घरात तिचा श्वास ऐकत मला बसवत नाही. मला हे एकट्याला जमत नाहीये, पोरी. माझ्यासाठी ये.

तुझाच,
बाबा