पेन्सिलने भरलेला अर्ज

प्रिय पियुष,

तात्यापाऱ्यापासून तुझी रेल्वे कॉलनी ती कितीशी लांब! एवढ्याशा अंतरासाठी उद्या मी स्पीडपोस्टाचा लिफाफा पुढे केला, की काउंटरवरची बाई मला वेड्यात काढेल. काढू दे. फोन न करता पत्र का लिहिलं, हे तुला शेवटी कळेल. आधी शेवटाकडे पळू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे, मेळ्यात पाय ठेवायच्या आधी तू परतीची गाडी विचारतोस.

मार्चमध्ये मी म्हटलं होतं, मी फोन करेपर्यंत तू करायचा नाहीस. आणि तू खरंच केला नाहीस! पाच महिने! इतका आज्ञाधारक माणूस रेल्वेलाच लखलाभ होवो. रागाने बोललेलं थोडं न ऐकल्यासारखं करायचं असतं, हे तुला कुणी शिकवलेलं दिसत नाही. पण बरंच झालं. तुझा आवाज ऐकला असता तर मी रडले असते, आणि रडून घेतलेले निर्णय मला पचत नाहीत.

आधी तुला हवी आहे ती बातमी. मी बरी आहे. कुणी विचारलं म्हणून सांगायची बरी नव्हे, खरोखरची बरी. गेल्या तीन महिन्यांत दुखण्यापायी एकही सुट्टी घेतली नाही. कंपनीत जाताना सिलतऱ्याच्या बसमध्ये जागा मिळाली नाही तर उभी राहून जाते. लॅबमध्ये एप्रनच्या आत लपवायचे ती गरम पाण्याची पिशवी आता कपाटात पडून आहे. परवा बाबांनी ती पाहिली आणि टाकून देऊ का म्हणून विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, तिचे उपकार आहेत.

तुला आपली पहिली भेट आठवते? भीम जयंतीच्या मिरवणुकीत आपण सरबत वाटत होतो आणि मी मधेच खोक्यावर मटकन बसले. तुला वाटलं ऊन लागलं. तू मला एकामागून एक चार ग्लास पाजलेस आणि पाचवा घेऊन उभा राहिलास. मला ऊन लागलं नव्हतं रे. तेव्हा मलाही नाव माहीत नव्हतं. आई म्हणायची, बाईच्या जातीला दुखतंच, लग्न झालं की थांबतं. पुढे डॉक्टर रूपाली मॅडमनी सोनोग्राफी पाहून सांगितलं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर नको तिथे वाढतं आणि दर महिन्याला आतून सोलून काढतं. मॅडमनी रोजची एक गोळी दिली. दोन महिन्यांत मला कळलं, की महिन्याचे तीसही दिवस माणूस सरळ उभा राहू शकतो.

तेव्हा माझ्याकडे ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं कार्ड होतं, म्हणून औषधाची काळजी नव्हती. मग माझा पगार वाढला. तुला पेढे दिले होते, आठवतं? त्या वाढीने मी एकवीस हजारांच्या वर गेले, आणि वर गेलेल्याला ते कार्ड नसतं. कंपनीचा वेगळा विमा नाही. बाहेरच्या विम्याचा एजंट घरी आला, तर म्हणाला, आधीपासूनच्या दुखण्याला तीन वर्षं थांबा, नाहीतर दीदी, फॉर्ममध्ये लिहूच नका. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. गोळ्यांचं महिन्याचं पाकीट दोन हजारांच्या वर. बाबांचा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातला पगार आणि माझा, यांत घरभाडं, आईची शुगर आणि भावाचं कॉलेज. मी गोळी एक दिवसाआड घ्यायला लागले. आपल्या घरात तेल पुरवतात, साबण पुरवतात, तशी मी गोळी पुरवली. कुणाला सांगितलं नाही. तू फेब्रुवारीत माझ्या पर्समधलं पाकीट पाहून ओळखलंस.

आणि मार्चच्या एका रविवारी तू घरी आलास. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. आईने तांदळाच्या पिठाचा चीला करायला घेतला. मला वाटलं, आज बोलणार हा. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते आज बोलणार. तू फोल्डर उघडलंस आणि म्हणालास, “फोटो हाय का तुह्याजवळ? दोन लागतात. अन् आधारची झेरॉक्स.” रेल्वेच्या मेडिकल कार्डात बायकोचं नाव चढवायचा अर्ज! माझं नाव, जन्मतारीख, रक्तगटसुद्धा भरलेला. ‘नाते’ या रकान्यात ‘पत्नी’. सगळं पेन्सिलने, कारण तुमच्या बाबूने एकदा खाडाखोडीवरून तुझा रजेचा अर्ज परत केला होता, तेव्हापासून तू प्रत्येक कागद आधी पेन्सिलने भरतोस. मग तू म्हणालास, पुढच्या आठवड्यात कोर्टात सही करून घेऊ, म्हणजे एप्रिलपासून औषध मिळेल.

जगात कुणाला अशी मागणी घातली गेली असेल का रे? मी तो अर्ज हातातून ओढला, याचे तुकडे करून टाकीन म्हटलं आणि तुला जायला सांगितलं. तू अर्धा चीला टाकून गेलास. आई माझ्यावरच बरसली. “काहून नाई म्हणून राहिली तू? एवढा चांगला पोट्टा, सरकारी कार्ड हाय त्याचं!” नेमकं तेच तर मला बोचत होतं.

तुझ्या मनात खोट नव्हती, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. पण मला बायको म्हणून मागणी हवी होती, पेशंट म्हणून नको होती. मी रात्रंदिवस एकच विचार करत होते, की उद्या आपलं भांडण झालं, मला तुला खडसवायचं असलं, तर मी मनातलं बोलेन की गोळीला भिऊन गप्प बसेन? जिचं औषध नवऱ्याच्या कार्डावरच अवलंबून आहे, ती नवऱ्याशी बरोबरीने कशी भांडणार? आणि तुझ्याशी बरोबरीने भांडायचं नसेल तर लग्न कशाला करायचं? ही माझी ऐट म्हण हवं तर. मला ती सोडवली नाही.

नुसत्या ऐटीने दुखणं मात्र थांबत नाही. एप्रिलमध्ये मी लॅबमध्ये सँपल हातात घेऊन कोसळले. मॅडमनी विचारलं, गोळी रोज घेतेस ना? मी म्हटलं, हो. मॅडम काळजीत पडल्या. म्हणाल्या, मग हे औषध तुला लागू पडत नाही, आता ऑपरेशनचा विचार करावा लागेल. बघ, माझ्या एका खोट्यावर माझं पोट फाडायची वेळ आली होती. तरी माझं तोंड उघडलं नाही.

ते उघडलं आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या लोकेशभैयाने. तो कायमच्या गिऱ्हाइकांची वही ठेवतो, कुणाचं औषध कधी संपणार ते बघून आधी मागवून ठेवतो. मी दुखणं थांबवायची गोळी मागायला गेले, तर त्याने ती दिलीच नाही. वही माझ्याकडे फिरवली. अठ्ठावीस गोळ्यांचं पाकीट मी दर दोन महिन्यांनी नेत होते. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “दीदी, ये दवई हर चना-मुर्रा नोहय, के मन लगिस त फांक लेव.” म्हणजे औषध काही चणे-मुरमुरे नव्हेत, मनात आलं की तोंडात टाकायला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तो हळूच म्हणाला, “डॉक्टर मॅडम को सच बताओ. दवाई का असली नाम लिखवाकर लाओ, दूसरी कंपनी की भी आती है.”

दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर बसले आणि सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, आणि रागावल्याच. म्हणाल्या, “लोक रोग लपवतात, तू खिसा लपवलास. मला तू खिसा दाखवला असतास तर मी त्यात बसेल ते लिहिलं असतं.” त्यांनी औषधाचं मूळ नाव लिहिलं. लोकेशभैयाने त्याच औषधाचं दुसऱ्या कंपनीचं पाकीट मागवलं, ते निम्म्याहून कमी किमतीत आलं. मॅडमनी ते तपासून पाहिलं आणि म्हणाल्या, हेच घे, पण रोज. ऑपरेशनचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. एवढी सोपी गोष्ट होती रे! मी सहा महिने दात आवळून काढले, पण ‘परवडत नाही’ हे तीन अक्षरी वाक्य तोंडातून काढलं नाही. बरं, अक्षरं मोजू नकोस, तू मोजशील.

तरी कमी पडणाऱ्या पैशांचीही सोय लावली. दर रविवारी सकाळी विहारातून आलं की आमच्या बाहेरच्या खोलीत बारावीच्या चार पोट्ट्या केमिस्ट्री शिकायला येतात. त्यांच्या फीमधून पाकीट येतं आणि वर माझ्या रिक्षाचं भाडं सुटतं. त्यातल्या पायलला दर महिन्याला दुखतं, ती सांगायला लाजत होती. मी तिला आणि तिच्या आईला मॅडमकडे घेऊन गेले. आता माझ्या आईसमोर कुणी ‘बाईच्या जातीला दुखतंच’ म्हटलं, की आईच त्यांना झापते.

एक गोष्ट तुझ्या अर्जात लिहायला जागा नव्हती, ती इथे लिहिते. ही गोळी चालू असेपर्यंत मूल होणार नाही. गोळी थांबवल्यावर होईल की नाही, हे मॅडमनाही आज सांगता येत नाही. होऊही शकतं, वेळही लागू शकतो. हे वाचून तुला दोन दिवस विचार करावासा वाटला तर कर. मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही.

आणि आता पत्राचं कारण. फोनवरून कागद पाठवता येत नाही. या लिफाफ्यात माझे दोन पासपोर्ट फोटो आहेत, आधारची झेरॉक्स आहे, आणि तुझा तो अर्ज आहे. मी तो फाडला नव्हता, पाच महिने माझ्या पुस्तकात होता. माझं औषध आता माझं आहे, उद्याचंही आणि वर्षभराने लागेल तेही. म्हणून आता मी तुला मोकळेपणाने विचारू शकते. पियुष, माझ्याशी लग्न करशील? रेल्वेवाल्यांच्या सगळ्या बायकांना मिळतं ते कार्ड मीही घेईन, मी काही खुळी नाही. पण ते लग्नानंतर. या रविवारी ये, शिकवणी अकराला संपते. फोल्डर आणू नकोस. आणि ‘नाते’ या रकान्यात बघ, तू पेन्सिलने लिहिलेल्या ‘पत्नी’वर मी निळ्या पेनाने गिरवलं आहे. आता बाबूने कितीही खाडाखोड काढली तरी ते पुसलं जाणार नाही.

या वेळी शाईने,
तुझीच
स्नेहल