मुठीतला वास

१६ फेब्रुवारी २०२१

आली एकदाची शहापूरच्या होस्टेलले! सालभर घरी बसून मोबाईलवर कॉलेज केलं, डोळे फुटायची वेळ आली होती. बाबांनी निघतानाच बजावलं, आता परत आलीस तं शिकणं बंद अन् उन्हाळ्यात लग्न. म्हणून काही झालं तरी हे सेमिस्टर इथंच काढायचं. सोबतीण वरठीची डिंपल, भल्ली बडबडी. आल्या आल्या माझ्या अर्ध्या शंकरपाळ्या तिनं संपवल्या. मले आवडली पोट्टी.

नियम ऐकूनच थकवा आला मात्र. डब्बा खोलीतच खायचा, मास्क काढायचा नाही. खोलीतली एक बिमार पडली तं दोघींचीही घरी रवानगी, असं रेक्टर मॅडमनं ठणकावलं. रोज सकाळी मेसवाल्या शकुनबाई झाकली मूठ नाकासमोर धरणार अन् विचारणार, कशाचा वास? वास नाही आला तं बिमार. आज मोहफूल होतं.

१९ फेब्रुवारी

आज लसूण. ताप मोजायचं मशीन कधीचंच बंद पडलं, त्यापेक्षा माझी मूठ बरी, असं शकुनबाई म्हणतात. वर्गात एका बाकावर एकच पोट्टी, सरांचं मास्कमागचं काही ऐकू येत नाही. कंटाळा आला बाप्पा.

२३ फेब्रुवारी

मूठ हुंगली अन् काहीच नाही. हिंग होता म्हणे. रांगेतली पुढची पोट्टी जे बोलली तेच मी ठोकून दिलं. आंगात कणकण आहे. घरी जायचं नाही मले.

२५ फेब्रुवारी

डिंपलले माझ्याहून जास्त ताप. माझ्यामुळेच झालं, लई वाईट वाटून राहिलं. दवाखान्यात ने म्हणत होती. मी हातापाया पडली तिच्या, दोन दिवसांत उतरते म्हटलं. मॅडमले सांगून टाकलं, बापाची तब्येत बिघडली म्हणून डिंपल वरठीले गेली. आता खोटं बोलायलेही दम लागून राहिला.

२७ फेब्रुवारी

सुटली बापा! डिंपलचा ताप उतरला. सकाळी हात लावला तं आंग थंडगार. डोक्यावरून पांघरूण घेऊन निजली आहे, निजू दे. तिच्या आईचा मेसेज आला, मीच तिच्या मोबाईलवरून लिहिलं, बरी आहे, अभ्यास चालू आहे. मग मीही दिवसभर लोळली.

१ मार्च

डिंपल जेवत नाही, बोलत नाही. रुसली असेल. रुसायचंच. शेजारच्या पोट्ट्या विचारतात, तुमच्या खोलीत उंदीर मेला का वं? खिडकी उघडली. माश्याच माश्या आल्या. उठायची ताकद नाही.

२ मार्च

शकुनबाई नाकाले पदर लावून दाराशी आल्या. उघडलं नाही. पांघरूण काढून पाहावं का — नाही. झोपली आहे ती. झोपलीच आहे.

३ मार्च, दुपार

वास आला. मले वास आला! वाटलं, बरी झाली मी — मग पांघरूण ओढलं. डिंपल — देवा — कधीची — मीच मारलं तिले —

दार ठोकून राहिले. मॅडम आहेत, शकुनबाई आहेत. उघडते. सगळं सांगते. लावा माझं लग्न, काही करा —

कडीले हात लावला अन् मागून डिंपल बोलली. उघडू नको म्हणे. तुले घरी नाही जायचं ना, म्हणे. सरकून जागा केली तिनं खाटेवर. मी थकली. खूप —

दार तोडून राहिले. तिनं माझा हात