टोस्टच्या पुड्यातला रातकिडा

बाई, तुमच्या मातीला मी आले नव्हते. कारेगावहून शिरूर काही लांब नाही, सुट्टीही मिळाली असती, पण मनात अढी होती. सातवीत तुम्ही आम्हाला किड्यांची वही करायला लावली होती. नाकतोडा, टोळ, रातकिडा, ज्याने त्याने स्वतः पकडून, बघून लिहायचं. माझं सगळं बरोबर आलं, तेव्हा तुम्ही वही मिटलीत आणि भर वर्गात विचारलंत, "कुणाचं बघून लिहिलंस?" माझे वडील दौंडला स्टेशनात हमाली करायचे आणि मी शिकायला शिरूरला मामांकडे होते. मास्तरांच्या नाहीतर डॉक्टरांच्या मुलीला तुम्ही असं विचारलं असतं का, हे मी तेव्हापासून मनात धरून आहे.

त्याच आठवड्यात रविवारी चर्च सुटल्यावर तुम्ही मला मिशन कंपाउंडातल्या तुमच्या घरी बोलावलंत. स्वयंपाकघरात डाळ शिजतेय आणि ओट्यावर सहा काड्यापेट्या मांडलेल्या. एकेक उघडून सांग, म्हणालात. पहिल्यात मातकट नाकतोडा, दुसऱ्यात रुईवरचा पिवळा-निळा पट्ट्यांचा, तिसऱ्यात काळा रातकिडा, चौथ्यात फावड्यासारखे पुढचे पाय असलेला माती उकरणारा, पाचव्यात घरात चुलीमागे सापडतो तो फिकट तपकिरी. पाचही मी ओळखले. सहावा हिरवागार, पानासारखा. मी नाकतोडा म्हणाले. तुम्ही पळीनं डाळ ढवळत होतात, मागे वळून न बघता म्हणालात, "रंग कशाला बघतेस? आधी मिशा बघ." मिशा अंगापेक्षा लांब होत्या, केसासारख्या बारीक. नाकतोड्याच्या आणि टोळाच्या आखूड, जाडसर असतात. म्हणजे हा हिरवा रातकिड्याच्या गोतातला. मग तुम्ही सांगितलंत की रातकिड्याचा कान पुढच्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली असतो. मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. मी भिंग मागून घेतलं आणि स्वतः बघितलं. होता. तुम्ही मला डाळभात वाढलात. "माझं चुकलं" मात्र म्हणाला नाहीत. मी जेवले, ताट घासून ठेवलं आणि घरी आले.

हे सगळं आज लिहायचं कारण आमच्या फॅक्टरीत घडलं. मी टोस्ट-खारीच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गेल्या महिन्यात एका दुकानदाराने टोस्टचा सीलबंद पुडा परत पाठवला. आत मेलेला किडा. पॅकिंगच्या सुपरवायझरला कोणी केलं हे लगेच कळलं. पॅकिंगवर एक बिहारचा माणूस आहे, चाळिशीचा, मान खाली घालून काम करणारा. ड्युटी बदलण्यावरून त्याचं आणि सुपरवायझरचं वाजलेलं होतं. सुपरवायझर मला म्हणाला, "मॅडम, ह्यानंच टोळ टाकलाय. जेवणाच्या सुट्टीत मागच्या गवतात उभा व्हता, मुठीत कायतरी धरून. दोघांनी बघितलंय."

त्या दोघांना मी वेगवेगळं विचारलं. दोघांनी शब्दन् शब्द सारखंच सांगितलं, आणि मला तेच खटकलं. त्या माणसालाही विचारलं. तो नुसता म्हणत होता, गवतात फोनला रेंज येते म्हणून गेलो होतो. मुठीत काय होतं म्हटलं की गप्प. ते गप्प राहणंही मला खटकलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला कुणाचंच पटत नव्हतं.

किडा पिशवीत घालून फाइलला लावायचा होता. चिमट्याने उचलला तेव्हा त्याची एक मिशी टोस्टच्या चुऱ्यातून बाहेर आली. येतच राहिली. अंगापेक्षा लांब. दुसरी तुटलेली होती. मी तो उजेडात नेला. फिकट तपकिरी, चपटा, डोक्यावर गडद आडवी पट्टी, पंख जवळजवळ नाहीतच, आणि मागे सुईसारखी लांब नळी, म्हणजे अंडी घालणारी मादी. हा टोळ नव्हता. गवतातलाही नव्हता. तुमच्या पाचव्या काड्यापेटीतला होता, उबेला राहणारा.

मी मेंटेनन्सच्या माणसाला घेऊन ओव्हनच्या मागचा पत्रा काढायला लावला. सुपरवायझर म्हणत होता, आता कशाला, लाइन थांबंल. पत्रा निघाला आणि वीस-पंचवीस रातकिडे उड्या मारत भिंतीच्या फटीत शिरले. तिथून टोस्ट गार होतात तो कूलिंगचा पट्टा हातभर अंतरावर आणि त्याची जाळी एका कोपऱ्यात उचकटलेली. दुरुस्तीच्या रजिस्टरला मात्र जाळी ठीक असल्याची सुपरवायझरची सही दर आठवड्याला होती. त्याला हे आधीपासून ठाऊक होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. तो नाही म्हणतो. मी मान डोलावते आणि आता ती जाळी रोज स्वतः बघते.

तक्रारीतून बिहारच्या माणसाचं नाव काढून टाकलं. तो दोन दिवसांनी माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, मुट्ठी में तंबाकू था." आत तंबाखू आणली तरी घरी पाठवतात, म्हणून तो बोलत नव्हता. मग म्हणाला, "आप अकेली थीं जो पहले से मेरी बात मान रही थीं." मी फाइल चाळत राहिले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे लिहिते. त्याला कामावरून काढायच्या कागदावर क्वालिटीची सही लागते. किडा चिमट्याने उचलायच्या आधी, त्या दोघांना विचारायच्याही आधी, नुसतं सुपरवायझरच्या तोंडचं ऐकून, मी ती सही करून ठेवली होती. तो कागद नंतर मी स्वतः फाडला, आणि हे त्याला अजून सांगितलेलं नाही.