दुपट्यांखालचा डबा

तीर्थरूप आईस,
तुझ्या लेकीचा आणि मांडीवर पेंगणाऱ्या ठमीचा नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. तुझा गुडघा कसा आहे? गोळी सुरू केल्यापासून माझं रडणं कमी झालंय, केसही विंचरते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही गोळी दुधात अगदी थोडी उतरते, खुशाल पाज, फक्त मनाने बंद करू नकोस.

पण घरात काहीतरी शिजतंय. ठमी हल्ली छातीशी घेतली की तोंड फिरवते. सासूबाई तिला गॅलरीत ऊन दाखवायला नेतात आणि ती ढेकर देत परत येते. ऊन खाऊन कुणाला ढेकर येतो का गं? विचारलं असतं तर माझंच डोकं फिरलंय म्हणाल्या असत्या.

आज त्या आंघोळीला गेल्या आणि मी कपाट उपसलं. दुपट्यांखाली स्टीलचा डबा, आत दुधाची पावडर! बाथरूमच्या दाराशीच जाब विचारला. त्या आतून म्हणाल्या, "माझ्यावर कशाला डाफरतेस? तुझ्या आईनेच पाठवलाय दुपट्यांबरोबर. औषधाचं दूध नातीला नको, पण हिला कळू देऊ नका, म्हणाल्या."

मी म्हटलं, साफ खोटं. मग झाकणाकडे नीट पाहिलं. मुंग्या लागू नयेत म्हणून त्याखाली प्लास्टिकचा कागद लावलाय, तू साखरेच्या डब्याला लावतेस तसाच.

रोज फोनवर विचारायचीस, "दूध पुरतंय ना गं?" मला वाटायचं, माझीच काळजी.

गोळी चालू आहे. पाजणंही.

तुझीच,
धाकटी